वारुळाकडची पात

पाजाले
२ मार्च २००८

जुस्तो,

हे पत्र मटेओच्या लॉरीतून पाठवते आहे. पत्र देताना तो पैसे मागेल, देऊ नकोस. मी त्याला आधीच एक कोंबडी दिली आहे, आणि ती अंडी देणारी होती.

घर उभं राहिलं. भिंती मी आणि अदोंगने लिंपल्या, छपराचं गवत माझ्या माहेरच्यांनी घातलं. जुन्या घराच्याच जागेवर बांधलं. बारा वर्षांत तिथे माझ्या डोक्यावर जाईल इतकं रान माजलं होतं, पण चुलीचे तीन दगड जागच्या जागी सापडले. मी खाली बसून रडायला लागले तर अदोंगला वाटलं मला विंचू चावला. पोरगी माझ्या माहेरी जन्मली आणि तिकडच्याच निर्वासितांच्या छावणीत वाढली. तिला त्या दगडांचं काय कळणार.

बावीस घरं परत आली आहेत. सावड पुन्हा सुरू झाली, हे तुला कळवायचं होतं. आज ओबोलच्या शेतात सगळ्यांनी खणायचं, परवा मार्गारेटाच्या. ज्याचं शेत त्याने क्वेतेची दारू गाळायची आणि तुरीचं कालवण करायचं, पूर्वीसारखंच. ओबोल काठीने मोजून प्रत्येकाची पात आखून देतो. मी दोन्ही दिवस सगळ्यांच्या आधी पात संपवली. माझ्या डाव्या-उजव्या पाती मात्र रिकाम्या ठेवतात. माझ्याबरोबर खणायचं तर मागे पडायची लाज वाटत असेल.

मग माझी पाळी आली. तीन दिवस खपून नाचणीची क्वेते केली, कालवणात तिळाचं वाटण घातलं, अंगण झाडलं. पहाटे ढोल वाजवला आणि दुपारपर्यंत वाट बघितली. मार्गारेटाची शेळी तेवढी आली. संध्याकाळी मी आणि अदोंगने एकेक पात खणली आणि उरलेला माठ खड्ड्यात ओतला.

मी विचार केला, चूक माझी आहे. आपल्या शेतावर लोक ढोल ऐकून कधी आले? तुझा भाऊ या गावात कुदळीचा राजा होता, सगळी सावड त्याच्या हाकेवर चालायची. उजाडायच्या आत त्याचं शिंग वाजायचं, दोन आखूड, एक लांब आणि शेवटी ती त्याची वळणदार शेपटी. गावात प्रत्येक शिंगाचा सूर वेगळा, पण केरोबिनोचा सूर पोरंसुद्धा ओळखायची. रानातल्या बंडखोरांच्या तावडीतून तू सुटून आलास तेव्हा ते शिंग तुझ्या गळ्यात होतं. इतकी वर्षं तू जपलंस, त्याबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही. आता पाठव. ओबोल वाजवेल.

घाई यासाठी की कुळाचा कारभार बघणाऱ्या साबेरिओ म्हाताऱ्याने कंपालाहून एक माणूस आणला होता. मोठ्या मळ्यावर तीळ लावायचा आहे म्हणे. पडीक जमिनी त्याला दाखवताहेत. साबेरिओ मला म्हणाला, "जूनअखेर तुझ्या शेतात जिथे लाल माती दिसेल ते तुझं, जिथे गवत दिसेल ते कुळाचं." आम्ही दोघी मिळून पाव शेतसुद्धा उरकणार नाही. केरोबिनोची जमीन मला गमवायची नाही, जुस्तो.

तुझी वहिनी,
नेकोलिना


गुलू
१४ मार्च २००८

वहिनी,

पत्र मिळालं. मटेओने पैसे मागितले आणि मी दिले, रागावू नकोस.

सावडीला कुणी आलं नाही हे वाचून वाईट वाटलं, पण मनाला लावून घेऊ नकोस. माणसं वाईट नसतात, सवय मोडलेली असते. गेल्याच महिन्यात मी आमच्या संस्थेसाठी यावर अहवाल लिहिला. वीस वर्षं लढाई चालली, त्यातली दहा-बारा वर्षं लोकांनी छावणीत फुकटचा मका खाल्ला, आता एकमेकांच्या शेतात फुकट कोण राबणार? रोजच्या रोज रोख मजुरी दिली की हात पुन्हा कामाला लागतात, बाजारात पैसा फिरतो, दुकानं उघडतात. साहेबांना अहवाल इतका आवडला की त्यांनी तो वर पाठवला.

शिंगाला तडा गेला आहे. त्यातून नुसती हवा जाते. दुरुस्त करणारा इथे कुणी नाही. त्याच्याऐवजी लॉरीच्या चाकाची लोखंडी रिंग पाठवतो आहे. चिंचेला टांग आणि दगडाने वाजव, दोन टेकड्यांपलीकडे आवाज जातो. अदोंगसाठी वह्या आणि पेन्सिली ठेवल्या आहेत.

आणि एक सांगतो. मनात आणलं तर आमची मजुरीची योजना मी पाजालेत आणू शकतो. तुझ्या शेतापासून सुरुवात करू.

जुस्तो


पाजाले
३० मार्च २००८

जुस्तो साहेब,

तुझी रिंग वाजवली. काय झालं ते ऐक.

पहाटे तीन ठोके मारले आणि अर्धं गाव धावत आलं. मला आनंदाने काही सुचेना. मग पाहिलं, तर कुणाच्या हातात कुदळ नव्हती. टोपल्या होत्या, पिशव्या होत्या, मार्गारेटाने तर सुनेची परात उचलून आणली होती. छावणीत मका वाटायच्या दिवशी अशीच रिंग वाजायची ना रे. बिचारे झोपेतून उठून रांगेत उभे राहिले. मका नाही हे कळल्यावर ओबोल आधी स्वतःवरच हसला, मग सगळे हसले, आणि परात डोक्यावर घेऊन मार्गारेटा घरी गेली. हे तुझ्या अहवालात घाल, साहेबांना आवडेल.

पण पुढचंही घाल. हसून झाल्यावर मी म्हटलं, आलाच आहात तर घरून कुदळी आणा, तासभर माझ्याकडे खणा. कुणाला शेळी सोडायची आठवण झाली, कुणाला पाणी भरायची. आणि त्याच आठवड्यात मार्गारेटाच्या दुसऱ्या पाळीला एकोणीस जण होते, गाणी म्हणत होते. विसावी मी. तुझी ती मोडलेली सवय तिच्या शेतात धडधाकट आहे, ती मोडली आहे माझ्या बांधापासून पुढे.

मी काय केलं आहे, जुस्तो? कुणाशी भांडले नाही, कुणाची जागा बळकावली नाही. विचारलं तर "नाही गं, तसं काही नाही" म्हणतात आणि दुसरीकडे बघतात.

मजुरी देऊन माझ्या शेतात माणसं आणायची नाहीत. आज तुझी संस्था देईल, पुढच्या वर्षी मी कुठून देऊ?

शिंगाचं खरं सांग. गुलूत गोऱ्यांना जुन्या वस्तू विकायची दुकानं आहेत, हे मलाही ठाऊक आहे. विकलं असशील तर तसं सांग. मी शिव्या देईन आणि विषय संपेल.

नेकोलिना


गुलू
७ एप्रिल २००८

वहिनी,

शिंग विकलेलं नाही. माझ्या पेटीत आहे. यापुढे विचारू नकोस, एवढी विनंती.

योजनेच्या यादीत मी पाजालेचं नाव घातलं आहे. सोळा तारखेला आमचा मुकादम येईल. तुझं शेत नमुन्याचं शेत म्हणून धरलं आहे, दोन दिवसांत सगळं खणून होईल. माणशी रोज तीन हजार शिलिंग. तू नको म्हणालीस ते मी वाचलं, पण जमीन जाण्यापेक्षा हे बरं. तुझ्या हट्टापायी केरोबिनोचं शेत गेलं तर मला ते सहन होणार नाही.

जुस्तो


पाजाले
२७ एप्रिल २००८

जुस्तो,

तुझी माणसं येऊन गेली. मुकादमाने प्रत्येकाच्या गळ्यात नंबराचा पत्रा अडकवला. चोवीस जण आले, सगळे आपल्याच गावचे. गाणं नाही, थट्टा नाही. वरवर माती उलटली, गवताची मुळं तशीच आत. मुकादमाने मोजपट्टी धरून कागदावर लिहिलं आणि दुपारीच सगळे मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी पावसाने कुणीच आलं नाही. काल बघितलं, तर सगळीकडून गवत परत वर आलं आहे.

तरी मी क्वेते केली होती. माझ्या शेतात माणूस राबला आणि तहानलेला गेला असं होऊ देणार नाही, मजुरी कुणीही देवो. एकानेही तोंड लावलं नाही. शेवटी मी करामेला म्हातारीच्या हातात वाटी दिली. म्हटलं, आजी, माझा काय गुन्हा आहे ते तरी सांगा. तिने वाटी खाली ठेवली.

म्हणाली, "तुझा नाही गं. पण केरोबिनोने आम्हाला एकदा बोलावलं होतं. एकदाच पुरे झालं."

मग तिने सगळं सांगितलं. मी अदोंगच्या बाळंतपणाला माहेरी होते, तेव्हाची पहाट. त्याचं शिंग वाजलं, दोन आखूड, एक लांब आणि शेपटी. सावड आपल्या शेतावर आहे म्हणून सगळे कुदळी घेऊन निघाले. वारुळापाशी रानातली माणसं बंदुका घेऊन बसली होती. अकरा पोरं नेली. करामेलाचे दोन, त्यातला एकच परत आला, आणि आला तोही बोलत नाही. "तुझ्या नवऱ्याने स्वतःचा जीव वाचवायला आम्हाला हाक मारली आणि त्यांनी त्यालाही सोडला नाही," असं म्हणाली. रागाने नाही बोलली, दमून बोलली.

आता कळलं, माझ्या डाव्या-उजव्या पाती रिकाम्या का असतात.

बारा वर्षं मी या माणसासाठी मेणबत्ती लावते आहे. तू मला एवढंच सांगितलं होतंस की त्याला शेतात मारलं. तू तिथे होतास. त्याने वाजवलं का? हो किंवा नाही, एवढंच लिही. हो असेल तर मी बोचकं बांधून माहेरी जाते आणि साबेरिओला जमीन देऊन टाकते. त्या मातीत खणायचा मला काय हक्क आहे?

नेकोलिना


गुलू
६ जून २००८

वहिनी,

महिना झाला, मी रोज हे पत्र सुरू करतो आणि फाडतो. आजचं फाडणार नाही, मटेओ बाहेर उभा आहे.

नाही. त्याने वाजवलं नाही.

ते उजाडायच्या आत आले. आम्हा दोघांना घरातून काढून शेतात वारुळापाशी नेलं. त्यांच्यातला एक आपल्याकडच्याच बाजूचा होता, त्याला सावडीची रीत माहीत होती. तो केरोबिनोला म्हणाला, वाजव. दादा म्हणाला, छातीत दम नाही, खोकला झाला आहे. त्यांनी मारलं. पुन्हा म्हणाले, वाजव. दादा म्हणाला, माझं शिंग कुदळीसाठी आहे. मग त्यांनी त्याला त्याच्याच कुदळीने ठार मारलं. मी दोन हात अंतरावर उभा होतो.

नंतर शिंग माझ्या हातात दिलं.

मी सोळा वर्षांचा होतो. माझा स्वतःचा सूर अजून ठरला नव्हता. मला एकच येत होता, दादाचा. पावसाच्या दुपारी ओसरीवर बसून त्यानेच शिकवला होता, तू कंटाळून ओरडायचीस, आठवतं? वहिनी, मी चुकीचं वाजवू शकलो असतो. शेपटी गाळली असती तरी गावाने ओळखलं असतं की काहीतरी बिघडलं आहे. रानातल्यांना काय कळणार होतं? इतकी वर्षं मी हाच विचार करतो. पण मी भीतीने चांगलं वाजवलं. इतकं चांगलं मी आधी कधीच वाजवलं नव्हतं. पहिल्याच हाकेला लोक आले. ओबोलची मुलगी सगळ्यांत पुढे होती.

मलाही नेलं, ते तुला माहीत आहे. शिंग त्यांनी माझ्या गळ्यात घातलं, गंमत म्हणून. पळून आलो तेव्हा ऐकलं की गाव केरोबिनोला दोष देतं आहे. मी काही बोललो नाही. आधी भीती होती, मग लाज, मग शाळा, मग नोकरी. तू पुन्हा पाजालेत जाशील असं कधी वाटलं नव्हतं.

त्या अहवालात मी लिहिलं की लोकांना फुकट खायची सवय लागली म्हणून सावड मोडली. तुझ्या शेतातली सावड माझ्यामुळे मोडली होती, आणि ते मला लिहिताना ठाऊक होतं. त्याच अहवालावरून आता आणखी तीस गावांत मजुरीची योजना जाते आहे. मला बढती देताहेत.

शिंगाला तडा गेलेला नाही. सोबत पाठवतो आहे. मला यायला जमणार नाही. काम आहे असं लिहिणार होतो, पण काम नाही. करामेलाच्या समोर उभं राहायची माझी हिंमत नाही.

तू जमीन सोडू नकोस. तुझा हक्क आहे.

जुस्तो


पाजाले
१० जून २००८

जुस्तो,

शनिवारी शिंग आलं आणि पत्र आलं. पत्र मी एकदाच वाचलं. मग तुझ्यावर इतका राग आला की तू समोर असतास तर काय केलं असतं सांगता येत नाही. आणि त्याच रात्री तुझी सोळाव्या वर्षाची पायजमा सुटणारी मूर्तीही डोळ्यांसमोरून हलेना. माझ्या हातचं खाऊन वाढलास तू. दोन्ही खरं आहे, आणि दोन्हीचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

रविवारी प्रार्थनेनंतर मी साबेरिओला सांगून गावाला चिंचेखाली थांबवलं आणि तुझं पत्र मोठ्याने वाचलं. तुला विचारलं नाही. बारा वर्षं हे लपवताना तूही मला विचारलं नव्हतंस.

कुदळीने मारलं तिथपर्यंत आल्यावर ओबोल म्हणाला, "बस कर, नेकोलिना." करामेला म्हणाली, "वाच." तू चांगलं वाजवलंस त्या ओळीवर मी थांबले. अदोंगने माझ्या हातातून कागद घेतला आणि पुढचं वाचलं, अगदी तुझ्या नावापर्यंत. आपल्या बापाबद्दल इतकं तिने पहिल्यांदाच ऐकलं. तिने एक अक्षर चुकवलं नाही.

ओबोलने मुलीचं नाव आलं तेव्हापासून मान वर केली नव्हती. सगळे उठून घरी गेले. मला वाटलं, संपलं.

सोमवारी उजाडायच्या आत मी शिंग घेऊन शेतात गेले. बाईने शिंग वाजवू नये म्हणतात. म्हणोत. केरोबिनोचा सूर मी वाजवला नाही, तो आता कुणीच वाजवायचा नाही. मी नुसतं फुंकलं. वासरू हंबरल्यासारखा आवाज निघाला, दोनदा तर थुंकीच उडाली. अदोंग हसून हसून खाली बसली.

पहिला ओबोल आला. म्हणाला, "हा कुणाचा सूर?" मी म्हटलं, माझा. तो म्हणाला, "ऐकवत नाही," आणि काठी घेऊन पाती आखायला लागला. मग मार्गारेटा आली, तिची सून आली, एकेक करून आम्हा दोघींना धरून सतरा जण झाले. गाणं कुणी म्हटलं नाही. साबेरिओची घरची माणसं आली नाहीत, आणखी चार घरची आली नाहीत, त्यांची पोरं गेली आहेत आणि मी त्यांना दोष देत नाही. त्या सतरांत करामेला सगळ्यांत शेवटी आली आणि माझ्या डाव्या बाजूच्या पातीत उभी राहिली. म्हातारीला खणवत नव्हतं. दर दोन हातांवर थांबायची, पण पात तिने दुसऱ्या कुणाला दिली नाही. तिची पात संपेपर्यंत मीही माझी संपवली नाही.

दुपारी ती क्वेते प्यायली. अर्धी वाटी. म्हणाली, "त्याला लिही, ये. आम्ही काही करणार नाही. मला फक्त त्याचं तोंड बघायचं आहे." कडू मुळी एकत्र पिऊन भांडण मिटवायचं की नाही, ते म्हातारे नंतर बसून ठरवतील. साबेरिओ म्हणतो, त्याला पावसाळा जाईल.

तुझ्या अहवालाचं आणि बढतीचं तुझं तू बघ. तीस गावांना काय सांगायचं ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

शेत लाल दिसतं आहे. उद्यापासून तीळ पेरते. ओबोलने अठरा पाती आखल्या होत्या आणि खणणारे सतरा होतो. मी म्हटलं, एक जास्त झाली. तो म्हणाला, "मोजून आखली आहे." ती वारुळाकडची, जिथे माती कठीण आहे. ती तुझी. तेवढ्याच पट्ट्यात गवत उभं आहे. दुसरं कुणी ती खणणार नाही, मीही नाही आणि अदोंगलाही खणू देणार नाही. जूनअखेरीला वीस दिवस उरले आहेत. त्यानंतर साबेरिओ गवत मोजायला येईल.

मटेओ दर शुक्रवारी गुलूहून निघतो. कुदळ तुझी तू आण, इथे जास्तीची नाही.

नेकोलिना